जन्म कराडचा

वासंतीवहिनींची आठवण आली की मला आधी राग येतो. दया वगैरे मागाहून. कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या इमारतीत कुणाच्या नळाची तोटी गळली तरी आधी तिसऱ्या मजल्यावर वहिनींना हाक जायची, मग वॉचमनला. तापाला काय द्यायचं, रुसलेल्या सासूशी कसं बोलायचं, फहाहीलच्या बाजारात कुठल्या मल्याळ्याकडे शेवगा कोवळा मिळतो, सगळं ह्यांना ठाऊक. कराडकडची बाई. आवाज खणखणीत, बोलणं रोखठोक. आणि एवढी खंबीर बाई एका गोष्टीसाठी रोज सकाळी उठून स्वतःला गुन्हेगार ठरवायची. गुन्हा काय, तर मुलाचं बाळंतपण माहेरी केलं.

मी देवयानी, त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. मूळची ठाण्याची. नवऱ्याची इथल्या बँकेत नोकरी, म्हणून आले. आता मीही एका शाळेच्या ऑफिसात असते. गेली वीसेक वर्षं आमच्या दोन्ही घरांचे डबे जिन्यावरून वरखाली होतायत, त्यामुळे सांगते आहे ते ऐकीव नाही.

वहिनींचे यजमान हरीशभाऊ थोरात. लढाई संपून कुवेत पुन्हा उभं राहत होतं तेव्हा ते आले आणि अम्गऱ्याला बांधकामाच्या सामानाच्या एका यार्डात हिशेबाला लागले. वर्षभरात वहिनींनाही घेऊन आले. लगेच दिवस गेले. हरीशभाऊंचं म्हणणं होतं की बाळंतपण इथंच करू, सरकारी इस्पितळ झकास आहे, डॉक्टरीण इजिप्शियन आहे पण हाताला यश आहे म्हणतात. वहिनींनी ऐकलं नाही. त्यांच्या आईचा निरोप आलेला, पहिलं बाळंतपण आमच्याकडे. आणि हे काय विचारायचं झालं का? आपल्याकडे पोरगी पहिल्या खेपेला माहेरीच जाते. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिना अंथरुणात, आईच्या हातचं ऊन ऊन अन्न. इथं त्या दोन खोल्यांत तिला कोण करून घालणार होतं? सातव्या महिन्यात ओटी भरून घेऊन त्या विमानात बसल्या. कराडला मुलगा झाला. नाव धैर्यशील. तीन महिन्यांचा झाल्यावर त्याला दुपट्यात गुंडाळून परत आणला, आणि पुढं अठरा वर्षं तो पोरगा कुवेतमध्येच वाढला.

त्यानंतर वहिनींना मूल झालं नाही. एकुलता एक.

मी आले तेव्हा हा शाळेत होता. हुशार, पण तोंडात मराठी नाही. वहिनी विचारायच्या, "धैर्या, जेवलास का?" हा म्हणायचा, "येस, आय एट." कराडला सुट्टीत नेला की तिथली पोरं याला अरब म्हणून चिडवायची. इथं शाळेत याला इंडियन म्हणायचे. मला एकदा म्हणाला होता, "काकू, पीपल आस्क मी व्हेअर आय ॲम फ्रॉम अँड आय जस्ट से मंगफ." आम्ही सगळे हसलो होतो. तेव्हा काय कळत होतं.

डॉक्टरकीला कोल्हापूरला घातला. ते पुरं करून अमेरिकेच्या परीक्षा दिल्या, तिथल्या एका इस्पितळात तीन वर्षांचं पुढचं शिक्षण मिळालं. पेढे वाटले तेव्हा हरीशभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. वहिनी म्हणाल्या, "बघा की वो, आता आपलं म्हातारपण मार्गी लागलं."

त्यांच्या या बोलण्याला हसू नका. इथं राहणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ बरोब्बर कळतो. कुवेतमध्ये तुम्ही तीस वर्षं राहा, चाळीस राहा, कायमचे कधीच होत नाही. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की इकामा गेला, इकामा गेला की बॅगा भरायच्या. पोरगं इथं वाढलेलं असलं तरी शिकायला बाहेर गेलं, सहा महिने परतलं नाही, की त्याचाही परवाना रद्द. धैर्यशीलचा तसाच झाला. म्हणून इथले आईबाप पोरांना कुठंतरी कायमचं करायला धडपडतात. आपल्याला नाही तर नाही, पोराला तरी एखाद्या देशानं म्हणावं, की बाबा राहा.

डॉक्टराची ती वाट किती वाकडी असते हे आम्हाला टप्प्याटप्प्यानं कळत गेलं. तिथं शिकण्यासाठी जो व्हिसा मिळाला होता त्यावर अट होती, शिक्षण संपलं की दोन वर्षं आपल्या देशात परत जायचं. सुटका एकच. जिथं तिथले स्वतःचे डॉक्टर जायला तयार नसतात अशा गावात तीन वर्षं नोकरी करायची. धैर्यशीलनं केली. मैलोन्‌मैल मका आणि मध्ये एक इस्पितळ, असं गाव. ती संपली की कायमच्या परवान्याचा, ग्रीन कार्डाचा अर्ज पुढं सरकणार होता. सगळे खुशीत होते.

आणि मग एका शुक्रवारी त्याचा फोन आला. मी वरच होते, वहिनींबरोबर पापड लाटत होते. फोन स्पीकरवर. तो म्हणाला, अर्ज मंजूर आहे, पण नंबर लागायला किती वर्षं जातील सांगता येत नाही, दहा, पंधरा, जास्तसुद्धा. हरीशभाऊ म्हणाले, असं कसं, तुझ्याबरोबरचा तो पाकिस्तानी मुलगा तर झाला ना मोकळा? तेव्हा धैर्यशीलनं सांगितलं. ती रांग पासपोर्ट बघून लागत नाही. जन्म कुठल्या देशात झाला ते बघून लागते. भारतात जन्मलेल्यांची रांग भलीमोठी, इतरांची आखूड.

"मग कुवेतला जन्मलेल्याची?" हरीशभाऊंनी विचारलं.

"कुवेतची रांग ऑलमोस्ट नाहीच, बाबा. आई, मी तिथं जन्मलो असतो ना, तर आतापर्यंत झालं असतं काम." आणि तो हसला. सहज हसला, मनात काही नव्हतं त्याच्या.

वहिनींचं लाटणं थांबलं. हरीशभाऊंनी बायकोकडं बघितलं. ते बघणं मी विसरले नाही. अठरा वर्षं पोरगा वाढवला इथं, शाळा इथली, दाढी फुटली इथं, आणि कागदावर काय राहिलं, तर जन्म कराडचा.

तिथून ते सुरू झालं. आधी चेष्टेत. कुणी पाहुणा आला की हरीशभाऊ म्हणायचे, "आमच्या हिला आईच्या हातचे लाडू खायचे होते, पोरगं बसलं रांगेत." पाहुणे हसायचे, वहिनी पण हसायच्या. मग हळूहळू त्यातली चेष्टा गेली आणि नुसतं बोलणं उरलं. त्याला कारणही होतं. धैर्यशील येत नव्हता. तो म्हणायचा, देशाबाहेर पाऊल टाकलं की परत शिरायला पासपोर्टावर शिक्का लागतो, आणि त्या शिक्क्याची तारीख महिनोन्‌महिने मिळत नाही. अडकलो तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर रांगेतला नंबर जाईल. कार्ड आलं की पहिल्या विमानानं येतो. हे सगळं खरं होतं. माझ्या नवऱ्यानं चौकशी केली, अक्षरन्‌अक्षर खरं निघालं. आधी यायचं राहिलं ते कोरोनापायी, मग या रांगेपायी, एक वर्ष गेलं, दोन गेली. सात वर्षं होत आली, पोराचं तोंड फोनवर.

मग हरीशभाऊंचं हृदयाचं ऑपरेशन झालं. उठले, पण पहिले राहिले नाहीत. जिना चढताना दोनदा बसायचे. अमेरिकेला इतका लांबचा प्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. यार्डाचा म्हातारा मालक मायाळू होता, त्यानं त्यांना खुर्चीवर ठेवून घेतलं. तो वारला, आणि त्याच्या पोरांनी सांगितलं, अबू धैर्या, म्हणजे धैर्याचे बाबा, नोकरी येत्या मार्चपर्यंत. त्यानंतर खलास.

म्हणजे मार्चनंतर इकामा नाही. कराडला बिऱ्हाड न्यायचं. हरीशभाऊंनी एकच धरलं, इथून जायच्या आधी पोरगा या घरात एकदा यायला पाहिजे. या घरात तो लहानाचा मोठा झाला, कराडच्या फ्लॅटमध्ये त्याचं काय आहे? जेवण टाकायचे. वहिनी ताट घेऊन बसल्या की म्हणायचे, "तुझ्यामुळं गं. तुझ्या माहेरापायी." वहिनी भाताचा घास तसाच धरून ठेवायच्या. मी एकदा न राहवून म्हटलं, "भाऊ, अमेरिकेनं कायदा काय वहिनींना विचारून केला?" ते भिंतीकडं तोंड करून झोपले. वहिनीच मला म्हणाल्या, "बोलू द्या हो त्यांना. खरं तेच बोलतात." सांगा, डोकं फिरणार नाही तर काय?

गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आयटीतला एक मुलगा भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, नवराबायकोत एकाचा जन्म आखूड रांगेतला असला तर दुसऱ्यालाही त्याच रांगेत घेतात. त्याच्या भावाचं तसंच झालं होतं, बायको मस्कतची जन्मलेली. वहिनींनी त्याला तीनदा विचारून घेतलं. घरी येताना गाडीत माझा हात धरला. "देवयानी, कुवेतमध्ये जन्मलेली पोरगी बघायची. जात, पत्रिका, रंग, काही नको. जन्म तेवढा इथला पाहिजे."

पुढचे दोन महिने आम्ही दोघींनी काय केलं ते आठवलं की मला हसूही येतं आणि लाजही वाटते. मंडळातल्या झाडून सगळ्या घरांत चहाला गेलो. बँकवाले, इंजिनिअर, अकाउंटंट, सगळे. वहिनी खुर्चीवर टेकायच्या आणि पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी विचारायच्या, "मुलगी कुठं झाली तुमची?" सांगलीला. नगरला. माझ्या आईकडं, चिंचवडला. इचलकरंजीला, सासूबाई म्हणाल्या होत्या इथंच कर, पण मी म्हटलं छे. एकही घर चुकलं नाही. पोरी सगळ्या इथं वाढलेल्या, मराठी मोडकं, आणि झाडून सगळ्यांचा जन्म आजोळचा. पहिली आजोळची, दुसरीही आजोळची. आमच्या बायकांना मूल जन्माला घालायला आईच लागते, त्याला ह्या काय करणार आणि मी काय करणार? माझी मुलगीसुद्धा ठाण्याचीच. वहिनी जिना उतरताना म्हणाल्या, "सगळ्यांनीच केलं की माझ्यासारखं." मला वाटलं, त्यानं त्यांचं मन जरा हलकं होईल. झालं नाही.

शेवटी कुणीतरी मंदाचं नाव काढलं. मंदा फहाहीलला राहते. नवरा बाळा, चिपळूणकडचा, तेलाच्या कंपनीत टेक्निशियन. मंडळात फारसे येत नाहीत. दोघांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं, जातीवरून. मंदाच्या वडलांनी तिच्या नावानं आंघोळ केली होती. तिला मुलगी झाली ती इथल्या सरकारी इस्पितळात. केतकी तिचं नाव, आता फिजिओथेरपिस्ट आहे.

आम्ही गेलो. मंदानं पोहे केले, ओलं खोबरं घालून. वहिनींनी धैर्यशीलचं सगळं सांगितलं, शिक्षण, पगार, स्वभाव. मंदा खुलली होती. मग वहिनींनी आपल्या सवयीनं विचारलंच, "मुलीचा जन्म इथलाच ना नक्की?"

मंदानं हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "इथलाच. माहेर नव्हतं ना मला. डिलिव्हरीनंतर चौथ्या दिवशी मी उभी राहून पोळ्या लाटत होते. तुम्ही तेव्हा इथंच होतात, वासंतीताई. कुणी डोकावलं नाही."

वहिनींनी मान खाली घातली. केतकी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "सो आँटी, तुम्हाला मी पाहिजे की माझं बर्थ सर्टिफिकेट?"

"तूच पाहिजे बाळ," वहिनी म्हणाल्या. मग थांबल्या. खोटं त्यांना कधी नीट जमलंच नाही. "दोन्ही पाहिजे. ह्यांचं काही खरं नाही गं. त्यांना पोरगा बघायचाय."

ती पोरगी चिडली नाही, हे मला अजून नवल वाटतं. म्हणाली, फोनवर बोलून बघते, त्यात काय. मंदानंही डोळे पुसून पुन्हा चहा टाकला. बाळा तेवढा म्हणाला, "आमची हरकत नाही, पण मुलाची चौकशी करणार हां आम्ही. रीतीनं." वहिनी म्हणाल्या, होय की, कराच.

घरी येऊन त्यांनी धैर्यशीलला फोन लावला. तो म्हणाला, आई, आत्ता नको. मग म्हणाला, बघू. वहिनींनी त्या 'बघू'चा 'हो' केला आणि हरीशभाऊंना जाऊन सांगितलं. त्या दिवशी भाऊ दोन पोळ्या जेवले. "कार्ड मिळायला वेळ लागंल," वहिनी म्हणाल्या, "पण रांग तरी बदलली. कराडला का होईना, येईल." किती तरी दिवसांत पहिल्यांदाच भाऊ त्यांना काही बोलले नाहीत.

पंधरवडाभरानं बाळा माझ्या दारात आला. वर गेला नाही, माझ्याकडे आला. बसला, पाणीही घेतलं नाही. त्याच्या कंपनीतल्या एका जुन्या माणसाची मुलगी धैर्यशीलच्याच भागात औषधाच्या दुकानात होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, डॉक्टर थोरात ना, त्यांच्या बायकोला मी चांगली ओळखते. दातांची डॉक्टर आहे, मूळ गुजराती. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली.

मला वाटलं दुसरा कुणी थोरात असेल. बाळानं मोबाइल पुढं केला. धैर्यशीलच होता. पोट थोडं सुटलेलं, कपाळ बापासारखं. शेजारी एक हसरी मुलगी, मागं समुद्र आणि ट्राम. पोर्तुगालचा फोटो होता, गेल्या उन्हाळ्यातला.

"म्हणजे बाहेर जातो," मी म्हटलं.

"जातो ना. कार्ड होऊन दीड वर्ष झालं, ताई," बाळा म्हणाला. "बायको नैरोबीची जन्मलेली. तिच्या रांगेतून मिळालं."

तो गेल्यावर मी काय केलं सांगते. वर गेले नाही. सरळ धैर्यशीलला फोन लावला आणि त्याला शिव्या घातल्या. तुला लाज वाटत नाही का, तुझा बाप इथं अन्न टाकून बसलाय, तुझी आई या वयात दारोदार फिरून पोरींचे जन्म विचारतेय, आणि तू पोर्तुगाल बघतोस? तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "काकू, रांगेचं मी खोटं नव्हतो सांगत. आधी ते खरं होतं."

"आणि नंतर?"

"नंतर... इट वॉज ईझियर." मग तो बोलत सुटला. "आलो की पहिला प्रश्न काय येणार? आम्हाला कधी नेतोस? बाबांचा इकामा संपतोय, आई म्हणणार आता तूच. वी आर टू पीपल, काकू, ती रात्रंदिवस काम करते, मी करतो. आई तिला सांगत बसणार, असं कर, तसं कर. मला नाही जमणार. आणि येऊ कुठं? कुवेतला मला आता व्हिजिट व्हिसा काढावा लागतो. कराडला मी पाहुणा. लग्नाचं सांगायचं होतं, पण आधी रांगेचं सांगितलं होतं ना, मग ते कसं सांगू कळेना. मग राहूनच गेलं."

"आईच्या डोक्यावर काय ठेवलंयस तू, माहीत आहे?"

"तिला ते मनाला लागलंय हे मला माहीत नव्हतं. मी जोक केला होता."

मी फोन ठेवला. खरं सांगते, त्याचं काही मला कळलंसुद्धा, म्हणून जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी हरीशभाऊ यार्डात गेल्यावर वर गेले. वहिनी कढीपत्ता निवडत होत्या. मला गोडगोड बोलायला येत नाही. एका दमात सगळं सांगितलं, बायको, पोर्तुगाल, कार्ड. त्या काडीवरून पानं ओरबाडत राहिल्या, एक काडी झाली, दुसरी घेतली. मला वाटलं आता रडतील, मग मी त्यांना जवळ घेईन.

त्यांनी विचारलं, "जन्म कुठला तिचा?"

मी सांगितलं, "नैरोबीचा."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "तिच्या आईनं चांगलं केलं."

मग त्या उठल्या, हात धुतले, परत येऊन बसल्या, आणि मग रडल्या. आवाज न करता, पदर तोंडात कोंबून. इतकी वर्षं ओळखते, तसं रडताना कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, एक गोष्ट तरी सुटली. तुमचं काही चुकलं नव्हतं. आता भाऊंना सांगा. आजच सांगा. रोज उठून ते तुम्हाला बोलतात, ते तरी थांबेल."

त्यांनी मान हलवली. "नाही सांगायचं."

"का?"

"आत्ता त्यांचा राग माझ्यावर आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटतं पोरगं यायला तडफडतंय आणि माझ्यामुळं अडकलंय. हे सांगितलं तर काय वाटंल? पोरगं यायला मोकळं आहे आणि येत नाही. त्या काळजावर टाके आहेत, देवयानी. माझ्यावर चिडून माणूस जगतो. ते कळून जगणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मला सवय आहे."

मी भांडले. खूप भांडले. म्हटलं, पोराचं पाप तुम्ही का पदरात घेता? त्या म्हणाल्या, पाप कसलं, पोरगं आहे ते. मग माझ्याकडून वचन घेतलं. मंदाकडं त्या स्वतः गेल्या, एकट्या, माफी मागून आल्या. भाऊंना सांगितलं, मुलीकडच्यांनी नकार दिला. भाऊ म्हणाले, "देणारच. रांगेतल्या पोराला कोण देतं मुलगी?" आणि पुन्हा जेवण टाकलं.

धैर्यशीलला त्यांनी फोन केला का, काय बोलल्या, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. एवढं खरं, की माझ्या फोननंतरही तो आला नाही. दर शुक्रवारी फोन यायचा तसाच येत राहिला, आणि भाऊ विचारायचे, "रांग किती सरकली रे?" वहिनी शेजारी बसून त्याचं उत्तर ऐकायच्या.

मार्च आला. सामान आधीच पाठवलं होतं. भिंतीवरच्या खिळ्यांची भोकं वहिनींनी टूथपेस्टनं बुजवली, घरमालक बोलेल म्हणून. विमानतळावर मी आणि माझा नवरा पोचवायला गेलो. भाऊ चाकाच्या खुर्चीत. रांगेत पुढं रत्नागिरीकडचे एक वृद्ध गृहस्थ होते, नूरुद्दीन म्हणून, अम्गऱ्याला त्यांचंही दुकान असायचं, भाऊंची जुनी ओळख. तेही कायमचेच निघाले होते. चौकशी झाली. त्यांनी विचारलं, "मुलगा न्यायला नाही आला? डॉक्टर ना तो?"

"अमेरिकेत आहे," भाऊ म्हणाले. "तिथं रांगेत अडकलाय बिचारा. फार तळमळतो यायला. पण जन्म पडला कराडचा." आणि त्यांनी खुर्चीतून मान वळवून बायकोकडं बघितलं.

नूरुद्दीनचाचांनीही बघितलं. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. वहिनींनी माझ्याकडं बघितलं, नुसतं बघितलं, आणि मी तोंड मिटलं.

"होय," त्या चाचांना म्हणाल्या. "माझ्यामुळंच झालं ते."

भाऊंनी मान पुन्हा पुढं केली. मग त्यांनी हात मागं नेला आणि खुर्चीच्या दांडीवरचा तिचा हात धरला. "जाऊ दे आता," ते म्हणाले. "तुला तरी तेव्हा काय ठाऊक होतं? मी मनातून काढून टाकलंय सगळं. माफ केलं तुला."

वहिनींनी मान खाली घालून ती माफी घेतली.